‘डॉक’ म्हणजे गोदी की पिंजरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोर्टाच्या एका बातमीचं मराठी करताना ‘डॉक’ हा शब्द अडला. डिक्शनरी उघडली तर गोदी, आरोपीचा पिंजरा, पगार कापणं आणि वर एक पालेभाजी, एवढं सगळं एकाच स्पेलिंगखाली सापडलं. जहाजाला आत कोंडतात, आरोपीलाही आत कोंडतात, तेव्हा एका अर्थातून दुसरा निघाला असेल का?

तर्क सुचण्यासारखा आहे, पण तसं झालेलं नाही. मोठ्या डिक्शनरीत नीट पाहा, ‘डॉक’च्या डोक्यावर १, २, ३, ४ असे बारीक आकडे टाकून नोंदी वेगळ्या केलेल्या असतात. एका आकड्याखालचे अर्थ एकमेकांचे सख्खे, वेगळ्या आकड्यांखालचे नुसते नावबंधू. मराठीतही हे आहेच. ‘चुका’ म्हटलं की पालेभाजी आणि चुकीचं अनेकवचन. भाजीतला चुका संस्कृत ‘चुक्र’ म्हणजे आंबट यावरून आला, दुसरा प्राकृतातल्या चुकण्यावरून. दोघांचा काही संबंध नाही. चुक्याचं उदाहरण मुद्दाम घेतलंय, पुढे लागणार आहे.

आधी गोदी, कारण मुंबईकराला तीच जवळची. हा ‘डॉक’ डच आणि उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून इंग्रजीत आला. त्याच्या मूळ अर्थाबद्दल एक मत असं आहे, की चिखलात टेकलेल्या जहाजाच्या बुडाने जी चर पडते ती म्हणजे डॉक. मला हे मत आवडतं, कारण ते आपल्याकडे डोळ्यांनी दिसतं. ओहोटीला शिवडीकडे किंवा वर्सोव्याच्या खाडीत जा. होड्या चिखलात कलून बसलेल्या असतात, आणि एखादी भरतीबरोबर निघून गेलेली असली तर पुढच्या ओहोटीला तिच्या जागी लांबट खळगा उरलेला असतो, तळाशी थोडं पाणी साचलेला. जहाज राहील एवढी खोलगट जागा, मग ती खणून बांधून काढलेली, मग तिला दार लावलेलं, असा तो अर्थ वाढत गेला असणार.

दाराचं काम समजून घेतलं की भाषांतर चुकत नाही. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी आत अडवायचं. बाहेर समुद्र उतरला तरी आतलं जहाज तरंगत राहतं. आपली जुनी अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी (१९१४) अशी चालते. सुक्या गोदीत याच्या उलट: जहाज आत घेऊन दार लावतात आणि पाणी उपसून टाकतात, म्हणजे बुडाची दुरुस्ती करता येते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये इथली पहिली सुकी गोदी तयार झाली, आणि पुढे वाडियांच्या हाताखाली सागवानी लाकडाची अशी जहाजं बांधली गेली की त्यातलं १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत डॉक हे मुख्यतः पाणी. त्याच्या कडेचा दगडी बांध तो धक्का. मराठीने हा फरक पक्का ठेवलाय: ससून डॉकला गोदी म्हणायचं, भाऊच्या धक्क्याला धक्का. अमेरिकन मात्र धक्क्यालाच डॉक म्हणतात. त्यामुळे अमेरिकन कथेतला मुलगा डॉकच्या टोकाला बसून पाण्यात पाय सोडतो तेव्हा तो गोदीत नसतो, जेट्टीवर असतो. उलट १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तो व्हिक्टोरिया डॉकमध्ये, गोदीच्या आत. तिथे ‘धक्क्यावर स्फोट’ असं लिहिलं की सगळं चित्रच बदलतं. लेखक कुठला आहे हे पाहिल्याशिवाय हा शब्द भाषांतरात घेऊ नये, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगतो.

लॅपटॉपचं डॉकिंग स्टेशन, स्क्रीनच्या तळाशी असणारी आयकॉनची पट्टी, आणि १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने ‘स्पेडेक्स’मध्ये दोन उपग्रह अंतराळात जोडले ते डॉकिंग, हे सगळे याच जहाजाच्या डॉकचे वंशज. बाहेरून यायचं, ठरलेल्या जागी नेमकं बसायचं.

आता कोर्ट. हा ‘डॉक’ फ्लेमिश भाषेतला: कोंबड्या-ससे ठेवायचा खुराडा, पिंजरा. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत आला तो चोराचिलटांच्या बोलीतून. ज्यांना त्यात उभं राहावं लागायचं त्यांनीच त्याला खुराडा म्हटलं, आणि पुढे न्यायाधीशही तोच शब्द वापरू लागले. मराठीत आपण ‘आरोपीचा पिंजरा’ म्हणतो. डॉकच्या मुळाशी नेमकं हेच असल्यामुळे इथे भाषांतर इतकं चपखल बसतं की दुसरा शब्द शोधायची गरजच नाही. ‘आरोपीची गोदी’ असं छापलेलं मी स्वतः वाचलंय, मशीनने केलेलं असणार. त्याचा मला खरंच त्रास होतो. १९०८ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर लोकमान्य टिळक उभे होते ते या पिंजऱ्यात. त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि आज त्या कोर्टाबाहेर त्यांच्या उद्गारांची पाटी आहे. असा इतिहास असलेल्या शब्दाच्या जागी काहीतरी भलतं पडू नये.

एक सावधानता: मराठीत साक्षीदाराचाही पिंजराच असतो, इंग्रजीत त्याला डॉक म्हणत नाहीत. म्हणून ‘आरोपीच्या’ हा शब्द गाळू नका.

तिसरा ‘डॉक’ म्हणजे जनावराच्या शेपटीचा मांसल, हाडाचा भाग. त्यावरून शेपूट छाटणं; डॉबरमनच्या पिल्लांची छाटतात त्याला आजही डॉकिंगच म्हणतात. मग छाटणी शेपटीवरून पगारावर आली. खाडा झाला, पगार कापला, एवढंच. मराठीत सरळ ‘पगार कापला’ लिहावं.

चौथी ती भाजी. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द. रानात उगवणाऱ्या रुंद पानांच्या त्या झाडांची शास्त्रीय जात रुमेक्स, आणि आपला चुका त्याच जातीतला. बाजारात जुडी घेताना पाहा: पान जाडसर, फिकट हिरवं, देठ मोडला की बोटाला आंबट ओल लागते. इंग्लंडमध्ये खाजकुयलीसारखं एक झुडूप अंगाला लागलं की पोरं डॉकचं पान चोळतात. आपल्याकडे अळूची भाजी करताना चुका घालतात, घसा खवखवू नये म्हणून. दोन्हीकडे एकाच कुळातलं झाड खाजेवरच वापरलं जावं याचं मला फार अप्रूप वाटतं. शब्द मात्र तिकडचा तिकडे, आपला आपल्याकडे.

फाइलला आपण ‘डॉक’ म्हणतो ते डॉक्युमेंटचं आखूड रूप. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत लिहिलं की तोही या गर्दीत येऊन बसतो.

तुमच्या वाक्याबद्दल. इंग्रजीत ‘इन द डॉक’ असं असेल तर बहुतेक वेळा आरोपीचा पिंजरा, किंवा लाक्षणिक अर्थाने कुणावर तरी ठपका. ‘द’ नसेल, नुसतं ‘इन डॉक’ असेल, तर जहाज दुरुस्तीला लागलंय. इंग्रज लोक गॅरेजमध्ये टाकलेल्या गाडीबद्दलही तसंच म्हणतात. तुम्ही दिलेल्या ओळीत ‘द’ आहे आणि पुढे जामिनाचा उल्लेख आहे, तेव्हा ‘मंत्री आरोपीच्या पिंजऱ्यात’ हे बिनधास्त लिहा.

शेवटी तुम्ही हार्बर लाइनवरच्या डॉकयार्ड रोडचं विचारलं होतं. तिथला डॉक जहाजाचाच. पण यार्डातही दोन शब्द आहेत. कापड मोजायचा यार्ड, म्हणजे आपला वार, मूळचा काठी या अर्थाचा, आणि जहाजाच्या डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यालाही इंग्रजीत यार्डच म्हणतात तो याच काठीवरून. डॉकयार्डमधला यार्ड त्यातला नाही. तो कुंपण घातलेलं आवार या अर्थाचा, आणि ‘गार्डन’ त्याचा भाऊ लागतो.