तुझं तिसरं कडवं

पांढरकवडा,
कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे

प्रिय बेटा,

ख्रिस्तात सलाम.

तुझं गाणं ऐकलं, लघुपटही पाहिला. तू लिहिलंस, "मंडळीत सगळ्यांना आवडलं, आता काका तुम्ही सांगा." चर्चच्या मंडळीत आवडणारच. आपल्याकडे कुणी पोरगं माइकसमोर उभं राहून प्रभूचं नाव घेतं, तेव्हा त्याला वाईट म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. सूर घसरला तरी आमेन, ताल सुटला तरी आमेन. "प्रभूच्या गौरवासाठी केलं ना, मग झालं." या एका वाक्यापायी आपल्या किती गुणी पोरांचं काम कच्चं राहिलं, हे मी पाहत आलोय. तुझं तसं होऊ नये, म्हणून हे पत्र लांबणार आहे. नीट बसून वाच.

निर्गमचा 31 वा अध्याय काढ. देव आपला तंबू उभारायला बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, आणि कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला. त्याला उपदेश करायला सांगितलेलं नाही. 33 व्या स्तोत्रातही नुसतं वाजवा म्हटलेलं नाही, कौशल्याने वाजवा म्हटलंय. हात नीट चालणं हीच तिथे भक्ती आहे. काम नीट झालं नाही तर मनातला भाव चांगला होता एवढ्याने तंबू उभा राहत नाही.

आता तुझं गाणं. सुरुवातीला कीबोर्डचा लांबलचक घुमता सूर (पॅड), मग चार कॉर्ड, तेच चार शेवटपर्यंत फिरत राहतात. शब्द म्हणजे तू महान, तू पवित्र, तू राजा, तू सामर्थ्यवान. यात खोटं काहीच नाही. पण हे गाणं आपल्या केळापूर तालुक्यात जन्मलं की हैदराबादच्या एखाद्या स्टुडिओत, हे ओळखायला काही खूणही नाही. त्यात तू तयार ट्रॅकवर गायलीस. तो ट्रॅक पेटीच्या काळी एक पट्टीतला, तुझा गळा काळी पाचचा. म्हणून अंतऱ्यातले खालचे सूर तुझ्या गळ्यातच अडकलेत. आणि 'पवित्र' म्हणताना चालीचा जोर 'प'वर पडतो, तिथेच सूर लांबतो, म्हणून 'पाऽवित्र' ऐकू येतं.

ही खोड तुझी एकटीची नाही, जुनी आहे. मिशनच्या काळात इंग्रजी स्तोत्रं मराठीत आणली आणि चाल तीच ठेवली. त्या चाली आघातावर चालतात, आपली भाषा ऱ्हस्व-दीर्घावर चालते. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली अशी काही गीतं आपल्या म्हाताऱ्या बायका गातात तेव्हा लक्ष देऊन ऐक, त्या शब्द वाकवून कसेबसे चालीत बसवतात. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तू तर चाल स्वतः बांधतेस.

त्याच पुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. ती म्हणताना कुणाला काही वाकवावं लागत नाही. 1893 मध्ये आपल्या गोंदियापलीकडच्या राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी तुकोबांना दारात ठेवलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन सगळं घेऊन ते आत आले. त्यांच्याही फार आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सचं ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण छापून निघालं, आणि तो तर जन्माने इंग्रज. परक्या माणसाने जे ओळखलं ते आपण विसरावं, हे मला सहन होत नाही.

तुझ्या गाण्यात एक जागा मात्र अशी आहे की मी ती परत परत लावून ऐकली. तिसऱ्या कडव्यात तू म्हणतेस, कापूस वेचून बोटं सोलली, तुझ्याही हाताला खूण आहे. ही ओळ तू कुठून उचललेली नाहीस. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला कसं घुसतं, हे ज्याने वेचणी केली त्यालाच माहीत. तुझ्या आईच्या बोटावरून तू थेट प्रभूच्या तळहातावर गेलीस, मधे एकही मोठा शब्द न वापरता. आणि नेमकी तीच ओळ तू सिंथेसायझरखाली पुरलीस! तिच्यापासून सुरू कर. अभंगात बसते का म्हणून मी नुसतं मोजून पाहिलं. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक:

वेचता कापूस । सोलली ही बोटे ।
तुझ्या हाती मोठे । व्रण दोन ॥

हे फक्त माप कळावं म्हणून. पुढचं तू लिही, आणि हेही मोडून तुझं कर. ठेका शिकायला लांब जाऊ नकोस. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या गावागावात आहे, तुझ्या गावच्या भजनी मंडळातही असेल. एखाद्या जुन्या भजनकऱ्याकडे बैस. डाव्या हाताचा दाब कातड्यावर कमी-जास्त केला की एकाच खंजिरीतून किती आवाज निघतात, ते त्याच्या हाताकडे पाहून शीक. मंडळीतलं कुणी म्हणेल, हे आपलं नव्हे. त्यांना विनयाने विचार, पेटी तरी आपली कुठे होती? ती युरोपातून आली, आणि आज भजनात, तमाशात, देवळात, चर्चमध्ये तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात जास्त टोचतं. आपली गाणी रडत नाहीत. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी खाल्ली, आणि त्याच वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतमजूर गेले. त्या नाताळात आम्ही जी गाणी गायलो त्यांत याचा मागमूस नव्हता. सगळी आनंदाची, सगळी द्रुत लयीतली. समोरच्या बाकांवर बसलेल्या माणसांच्या घरी काय चाललंय, हे त्या गाण्यांना माहीतच नव्हतं. शास्त्र असं नाही. 88 वं स्तोत्र आक्रोशाने सुरू होतं आणि अंधारात संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. विलापगीत घे. यरुशलेम जळून गेलंय, आया लेकरांसाठी ओरडताहेत, आणि कवीने काय केलंय? पहिल्या चार अध्यायांची कडवी हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने बांधलीत. तिसऱ्या अध्यायात तर एकेका अक्षराला तीन-तीन, अशी 66 वचनं. पाचव्यात वचनं 22 च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलाय. दुःख एवढं मोठं, म्हणून त्याने ते जास्त काळजीने घडवलं. रडणं आणि मोजणं एकाच माणसाने एकाच वेळी केलंय.

हबक्कूकचा तिसरा अध्यायही वाच. अंजिराला फुलं नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात ढोरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन. हा तर आपल्याच वावरातला माणूस बोलतोय. आणि हे पद कुणाला दिलंय? शेवटी लिहिलंय, मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर. म्हणजे हे गायचं आहे. पण ध्यानात घे, 'तरी' म्हणण्याआधी त्याने काय काय गेलं ते एकेक मोजून सांगितलंय. आपण ते सगळं गाळतो आणि थेट आनंदावर उडी मारतो.

तुझ्या लघुपटात नेमकं हेच झालंय. बाप पितो, कर्ज थकलंय, तो फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन वावराच्या धुऱ्यावर जातो. इथपर्यंत माझा श्वास अडकला होता. बापाचं काम ज्यांनी केलंय त्यांचं बाटलीचं झाकण फिरवणं, हात पुसणं, परत फिरवणं, हे तू घाई न करता दाखवलंस. शाबास. मग दुरून प्रार्थनेचा आवाज येतो, तो बाटली ठेवतो, पाळक येतात, आणि दोन मिनिटांत दारू सुटते, कर्ज फिटतं, पाऊस पडतो, सगळे स्वच्छ कपडे घालून उपासनेला जातात. बेटा, हा लघुपट तू गावात पडद्यावर दाखवणार आहेस. समोर अशी बाई बसलेली असेल जिच्या घरी ती बाटली खाली ठेवली गेली नाही. तीही प्रार्थना करत होती. तिला तुझा शेवट काय सांगतो? की तिची प्रार्थना कमी पडली. हे तुझ्या मनात नव्हतं, मला माहीत आहे, पण पडद्यावर तेच उतरलंय. कलेतला कच्चेपणा असा माणसाला जाऊन लागतो. म्हणून मी याला बारीकसारीक चूक म्हणत नाही.

प्रभूने गोष्टी कशा संपवल्या ते पाहा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळ्यांना धाकटा आठवतो. पण लूकच्या 15 व्या अध्यायात शेवट थोरल्यावर आहे. आत वाजतंय, नाचताहेत, थोरला रागाने बाहेर उभा, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतोय. पुढे? थोरला आत गेला का? सांगितलेलंच नाही. ऐकणारे परुशी घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात घेऊन गेले असतील. तुझ्या लघुपटातला बाप बाटली खाली ठेवतो, तिथे थांबता येईल का, याचा विचार कर. कर्ज तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशी तो चहा पितो आणि बायको त्याच्याकडे न पाहता चूल फुंकते, एवढंच दाखव. तिने त्याला माफ केलं की नाही, ते पाहणाऱ्यावर सोड.

आणि पात्रांना त्यांच्या बोलीत बोलू दे. लघुपटातली आई म्हणते, "मला आता काहीच सुचत नाही आहे." ही बाई आयुष्यात असं बोलली नसेल. ती म्हणेल, "मले काई सुचून नाई राह्यलं." पाळकांचं प्रवचनही काढून टाक. दादासाहेब फाळक्यांनी 1910 च्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि तिथेच त्यांना राम-कृष्ण पडद्यावर दिसायला लागले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यातूनच 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या देशाच्या सिनेमाचं बी ख्रिस्ताच्या चित्रपटातून पडलंय, आणि तो चित्रपट मुका होता. एक शब्दही न बोलता त्याने एका श्रद्धाळू हिंदू माणसाला हलवून सोडलं. तू शब्दांवर एवढी का विसंबतेस?

येशूसाठी पांढरा झगा आणि सोनेरी केसांचा विग भाड्याने आणायचा विचार सोड. इटलीच्या पासोलिनीने 1964 मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. तो स्वतः आस्तिक नव्हता. त्याने दक्षिण इटलीतली गरीब खेडी निवडली, नट बहुतेक साधी माणसं, आणि म्हाताऱ्या मरियेच्या कामाला स्वतःची आई. रापलेल्या, दात पडलेल्या चेहऱ्यांकडे त्याचा कॅमेरा इतक्या आदराने पाहतो की मला शुभवर्तमान तिथे नव्याने दिसलं. तसे चेहरे तुझ्या गावच्या बाजारात दर आठवड्याला दिसतात.

एकदा गडचिरोलीतल्या वडशाकडे जाऊन ये, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आहे. धानकरी शेतकरी तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. नट कमी पडला तर ते उठून जातात, आमेन म्हणत नाहीत. त्या भीतीने तिथला नट कसा उभा राहतो, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवतो, गाणं कधी सुरू करतो, ते बघ. आपल्या मंडळीने तुला हे शिकवलेलं नाही, कारण आपली माणसं प्रेमापोटी बसून राहतात.

आवाजाचं एक सांगतो. टिनाच्या छपराखाली रेकॉर्ड केल्यामुळे तुझ्या गाण्यात पत्र्याचा घुमारा आलाय, पंखाही ऐकू येतो. भाव वाढेल म्हणून तुझ्या घरी खोलीभर कापूस साठवलाय ना? त्याच खोलीत जा, पंखा बंद कर, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेव. कापूस घुमारा शोषून घेतो. एवढी चांगली खोली शहरात भाड्याने मिळणार नाही. फक्त दिवा-उदबत्ती तिथे नेऊ नकोस.

नाताळासाठी घाई करू नकोस. तीन कडवी लिही, प्रत्येक चरणाची अक्षरं बोटावर मोज, आणि आईला वाचून दाखव. ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण कर, तिला काही समजावू नकोस. मग शनिवारी दुपारच्या बसने ये. पेटी काळी पाचला धरतो, चाल आपण बसून लावू. लघुपटाची फाइल पेनड्राइव्हवर आण, धुऱ्याच्या प्रसंगानंतरचं सगळं आधी कापून.

तुझा,
काका