केमोनंतरचा पहिला आठवडा

कुत्र्याची लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) केमो सुरू होतेय तर आधी त्याच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर आणा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर आत धरायचा. नाक गरम लागतंय का, यावरून काही कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. विन्क्रिस्टिन किंवा डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधांनंतर साधारण ५ ते १० दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मोजा. १०३च्या वर गेलं, किंवा ताप नसूनही तो मलूल पडला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. प्रेडनिसोलोनवर (केमोसोबतचं स्टेरॉइड) असलेल्या कुत्र्याला आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाची गोळी सकाळीच द्या. हातमोजे घालून, न तोडता. औषधाचा उरलेला भाग लघवीतून जातो आणि मूत्राशयात साचला की अस्तर सोलवटतो. म्हणून भरपूर पाणी आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर फेरी, झोपण्याआधीही. लघवी लालसर किंवा थेंब थेंब झाली तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

प्रेडनिसोलोन खाण्यासोबत. तहान-लघवी वाढणारच, गादी ओली होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका, आणि गोळी मनाने एकदम बंद करू नका.

शी-शू निदान तीन दिवस हातमोज्यांनीच उचला, गरोदर बाईने तर नकोच. कच्चं मांस, कच्ची अंडी बंद. उकडलेलं चिकन आणि मऊ भात, कोमट, कांदा-लसूण न घालता.