मरणासन्न रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे कार्यकर्ते टिकून राहावेत यासाठी संस्थेने काय करावे?

आपण लिहिले आहे की, नाशिकजवळच्या आपल्या शुश्रूषा केंद्रात चार जण शेवटच्या टप्प्यातील रुग्णांजवळ बसतात, त्यांचे ऐकून घेतात, कोणी म्हटले तर हरिपाठ म्हणतात किंवा बायबल वाचून दाखवतात. वर्षभरात त्यांतले दोघे कसलीही तक्रार न करता येईनासे झाले. उरलेल्या दोघांसाठी एखादे ध्यानशिबिर ठेवावे का, असा आपला प्रश्न आहे. मी इंग्लंडमधील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात अकरा वर्षे हिंदू चॅप्लेन होते आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले, म्हणून हे उत्तर अनुभवातून लिहीत आहे. शिबिर जरूर ठेवा, पण केवळ तेवढ्याने ती माणसे टिकतील असे मला वाटत नाही.

चॅप्लेन म्हणजे रुग्णालय, तुरुंग, लष्कर अशा ठिकाणी माणसांच्या सोबतीसाठी रीतसर नेमलेली व्यक्ती. ब्रिटनमध्ये 1948 साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून रुग्णालयांत चॅप्लेन आहेत. सुरुवातीला ते ख्रिस्ती धर्मोपदेशकच असत. आज त्यांच्यात मुस्लिम, हिंदू, शीख आणि कोणताही धर्म न मानणारेही आहेत. आपल्याकडे ही कल्पना परकी आहे असेही नाही. भारतीय लष्करात धर्मगुरू हे कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्याच्या दर्जाचे पद आहे, रुग्णालयातील जवानांना भेटणे हा त्यांच्या कर्तव्याचा भाग आहे आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पद, दर्जा, प्रशिक्षण असे सगळे तिथे कागदावर आहे. आपल्या केंद्रातील चौघांपैकी एकाचे तरी नाव कामाच्या तक्त्यावर लिहिलेले आहे का, हे कृपया पाहावे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेतीन वाजता नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातून फोन आला. कुटुंब गुजराती होते आणि बाळ नऊ दिवसांचे होते. यंत्र बंद करण्याआधी आजोबांना त्याच्या ओठांना गंगाजल लावायचे होते. मी कपाटातली तांब्याची कुपी घेऊन गेले, परिचारिकेने कापसाचा बोळा दिला, आणि आजोबांचा हात इतका थरथरत होता की मला त्यांचे मनगट धरावे लागले. नंतर बाळाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन दहन करायचे की दफन, असे विचारले. एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे पुरतात, हे मला ठाऊक होते. ते मी शांतपणे सांगितले, पुढच्या कागदपत्रांसाठी कोणाला भेटायचे तेही सांगितले आणि सहाच्या सुमारास गाडीत येऊन बसले. काचेवर बर्फाचा थर होता. मला किल्ली फिरवता येईना. नऊ वाजता मी पुन्हा कामावर होते आणि कोणी विचारले तेव्हा मी ‘ठीक आहे’ असे म्हणाले.

चौथ्या दिवशी माझी सुपरव्हिजनची वेळ होती. या शब्दाचा आपल्याकडे देखरेख असा अर्थ होतो, पण तिथे तो तसा नाही. आमच्या विभागाशी संबंध नसलेली एक अनुभवी व्यक्ती महिन्यातून एकदा, एक तास, आपले काम आपल्याबरोबर पुन्हा पाहते. ती वरिष्ठांना अहवाल देत नाही आणि रुग्णाची गोष्ट त्या खोलीबाहेर जात नाही. माझ्या सुपरव्हायझर बाई पूर्वी परिचारिका होत्या. मी त्या रात्रीचा क्रम सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बाळाचं नाव काय होतं?” त्या क्षणापर्यंत मी ते नाव एकदाही उच्चारले नव्हते. ते उच्चारले आणि उरलेला वेळ मी रडत रडत बोलत राहिले. बाईंनी सल्ला असा एकही दिला नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की, तो तास मला मागावा लागला नव्हता. मागावा लागला असता तर मी कधीच मागितला नसता, कारण जिने दुसऱ्याला धीर द्यायचा तिने स्वतःसाठी धीर मागणे मला त्या वेळी कमीपणाचे वाटत होते. आपल्या समाजात तर हे दडपण अधिकच आहे. अध्यात्मातल्या माणसाला कसले दुःख, असे आपण सहज बोलून जातो, ‘तुम्ही म्हणजे देवमाणूस’ असे म्हणून नमस्कार करतो, आणि त्या नमस्कारामुळे समोरच्याची ‘मला आज जमणार नाही’ असे म्हणण्याची वाट बंद होते. आपल्याकडचे दोघे तक्रार न करता गेले त्याचे कारण मला इथे दिसते.

या कामाच्या प्रशिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत अँटन बॉइसन यांनी 1925 साली मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकवायला सुरुवात केली. बॉइसन स्वतः काही वर्षांपूर्वी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेले होते. त्यांच्यापासून सुरू झालेल्या परंपरेत आजही प्रशिक्षणार्थी रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो आणि गटासमोर वाचतो. रुग्ण काय म्हणाला यापेक्षा आपण कुठे घाबरलो, कुठे विषय बदलला, कुठे घाईने प्रार्थनेकडे वळलो, हे त्या कागदावर स्पष्ट दिसते. नाव आणि ओळख काढून टाकून दर पंधरवड्याला असा एक कागद वाचणे आपल्या केंद्रालाही सहज जमेल. त्याला खर्च नाही.

दुसरी एक पद्धत मी जवळून पाहिली. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनमधील आरोग्यविषयक कायद्याचे वकील फुप्फुसाच्या कर्करोगाने 1995 साली वारले. आजारपणात कर्मचाऱ्यांनी दाखवलेली माया त्यांना औषधाइतकी मोलाची वाटली होती. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठका ब्रिटनमध्ये 2009 साली आल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, चॅप्लेन असे सगळे तासभर एकत्र बसतात, तीन-चार जण एखादा प्रसंग आपल्याला कसा लागला एवढेच सांगतात, आणि कोणीही उपाय सुचवत नाही. 2020 साली नातेवाइकांना वॉर्डात येण्यावर कडक निर्बंध होते आणि आम्ही मरणाऱ्या माणसाच्या कानाशी फोन धरून उभे राहत होतो. त्या काळात या बैठकीत एका डॉक्टरांनी ‘मलाही झोप येत नाही’ असे म्हटले, तेव्हा मला किती हलके वाटले ते मी विसरणार नाही.

पाळ्यांबद्दल मात्र मी आपल्याला इंग्लंडचे उदाहरण देणार नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण एकच माणूस ती सात दिवस गळ्यात घालून उभा राहत नाही. पहारा बदलतो, वीणा पुढच्याच्या गळ्यात जाते, आधीचा नमस्कार करून जेवायला जातो, आणि त्याला कोणी कमी भक्तीचा म्हणत नाही. आपल्याकडे सध्या दोघेच आहेत, तेव्हा ‘कधीही बोलवा’ ही सवय आधी बंद करावी आणि रात्रीच्या फोनसाठी वार ठरवून द्यावेत. मृत्यू झाला असेल त्या दिवशी त्या कार्यकर्त्याला लगेच दुसऱ्या खाटेकडे पाठवू नये. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आपण घरात वावरत नाही. ती मर्यादा घालणाऱ्यांना माणसाचे मन कळत होते असे मला वाटते. हात धुऊन, चहा घेऊन, दहा मिनिटे कोणाशी तरी बोलूनच त्याने घरी जावे.

सुपरव्हिजनसाठी माणूस कुठून आणायचा, हा आपला पुढचा प्रश्न असेल. समुपदेशनाचा अनुभव असलेली आणि आपल्या केंद्राच्या कारभारात नसलेली व्यक्ती पुरेशी आहे. महिन्याचा एक तास फोनवरूनही होतो, पण त्याचे मानधन आपल्या अंदाजपत्रकात लिहा. लिहिले नाही तर तिसऱ्या महिन्यात तो तास गळतो, हे मी एका स्वयंसेवी गटात पाहिले आहे.

राहता राहिले ते सोडून गेलेले दोघे. त्यांना या आठवड्यात आपण स्वतः भेटावे. परत या, असे त्या भेटीत म्हणू नये. त्यांनी ज्या रुग्णांजवळ शेवटचे दिवस काढले त्यांची नावे नोंदवहीतून पाहून जावे, आणि त्यांतल्या एकाबद्दल विचारून त्यांना बोलू द्यावे.