टारझन ब्रॉडवेवर का पडलं आणि मंडळात बसवायचं असेल तर

तुमच्या पोस्टमध्ये खरं तर दोन प्रश्न आहेत. डिस्नेचंच लायन किंग ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कमधली मोठ्या व्यावसायिक नाटकांची थिएटरं) 1997 पासून चालू आहे आणि टारझनने मात्र 2006 च्या मे महिन्यात सुरू होऊन 2007 च्या जुलैत गाशा गुंडाळला, असं का, हा एक. आणि अमेरिकेतल्या तुमच्या मंडळाच्या पोरांना घेऊन टारझनचं म्युझिकल मराठीत बसवता येईल का, हा दुसरा. पहिल्यावर जरा जास्त बोलतो, त्यातच दुसऱ्याचं निम्मं उत्तर आहे.

लोक म्हणतात दोरांची सर्कसच जास्त झाली. दोर होतेच, भरपूर होते. बॉब क्रॉलीने (दिग्दर्शन आणि नेपथ्य दोन्ही त्याचंच) हवेतल्या कसरतींसाठी अर्जेंटिनाच्या पिचोन बाल्दिनूला घेतलं होतं, आणि सुरुवातीचा जहाज फुटल्याचा प्रसंग, म्हणजे पाण्यात बुडणारं जोडपं आणि मग जणू वरून बघतोय असा उभा केलेला किनारा, तो भारीच होता. तरी टोनीचं (ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार) नॉमिनेशन आलं एकच, तेही लाइटिंगला. पण माझ्या मते खरा घोळ दोरांत नाही, गाण्यांत आहे.

1999 चा सिनेमा आठवा. त्यात पात्रं जवळजवळ गातच नाहीत, गायक-संगीतकार फिल कॉलिन्स बाहेरून गातो. टारझनला वाढवणारी गोरिला आई काला बाळाला जवळ घेऊन चार ओळी म्हणते न म्हणते तोच गाणं कॉलिन्सकडे जातं (त्याच गाण्याला ऑस्कर मिळालं). टारझन मोठा होतो तो भाग घ्या, कॅमेरा सुसाट पळतोय, पोरगं घसरतंय, आपटतंय, शिकतंय, आणि एक गाणं संपेस्तोवर समोर बाप्या तयार. पडद्यावर एकदम फिट बसतं. स्टेजवर कॅमेराही नाही आणि बाहेरून गाणारा माणूसही फार वेळ चालत नाही, कारण प्रेक्षक समोरच्या पात्राकडे बघतो आणि हे कोण कुणाला सांगतंय असं त्याला वाटायला लागतं. मग तीच गाणी कुणाच्या तरी तोंडी घालावी लागतात. ते मोठं होण्याचं गाणं टारझनचा गोरिला दोस्त टर्क आणि बाकीच्या गोरिलांना दिलं. आता बाहेरच्या आवाजाने जे म्हटलं तर आशीर्वादासारखं लागतं, तेच दोस्ताने म्हटलं की लेक्चर होतं. शब्द तेच, फक्त म्हणणारा बदलला.

कॉलिन्सने नवीन गाणीही बरीच लिहिली, संहिता डेव्हिड हेन्री ह्वांगची. त्यातलं गोरिलांच्या टोळीचा म्होरक्या कर्चक याचं एक गाणं मला मनापासून आवडतं, छोट्या टारझनला टोळीतून काढायचा निर्णय तो घेतो तेव्हाचं. गाणं सुरू होतं तेव्हा पोरगं टोळीत आहे, संपतं तेव्हा बाहेर. नाटकातल्या गाण्याने हेच काम करायचं असतं. बाकी बऱ्याच गाण्यांत पात्र मला कसं वाटतंय एवढंच सांगतं आणि गोष्ट तिथेच उभी राहते. (सिनेमातल्या टॅन्टर हत्तीला तर सरळ काढूनच टाकलं. पोरं विचारणार, तयारीत राहा.)

लायन किंगमध्ये दिग्दर्शिका ज्युली टेमरला हाच प्रश्न होता, 88 मिनिटांचा सिनेमा अडीच तासांचा करायचा होता. तिने रफिकीला (सिनेमातला माकडबाबा) बाई केलं आणि सुरुवातच तिच्या गळ्यावर सोपवली, संगीतकार लेबो एमचे आफ्रिकन कोरस वाढवले, त्यामुळे माळरान स्वतःच गातंय असं होतं, बाहेरचा आवाज लागतच नाही. आणि तिने काहीच लपवलं नाही. मुखवटा डोक्याच्या वर, खाली नटाचा चेहरा उघडा. डोक्यावर गवताचे चौकोन घेऊन माणसं येतात आणि तेच गवत. दुष्काळ दाखवायला निळं रेशमी कापड जमिनीतल्या भोकातून हळूहळू ओढून घेतात, तळं आटलं, बस. घाशीरामची मानवी भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. टारझनमध्ये उलट झालं, झोका खराच घ्यायचा या हट्टापायी प्रेक्षक गोष्ट सोडून नटाला दोराला बांधणारे पट्टे (हार्नेस) बघत बसला.

अर्थात पडलं ते ब्रॉडवेवर. नेदरलँड्समध्ये 2007 ला गेलं, मग हॅम्बुर्गमध्ये 2008 ते 2013 चाललं, नंतर श्टुटगार्ट आणि ओबरहाउझेन. तिकडे गोरिला थेट लोकांच्या डोक्यावरून झोके घेत होते, म्हणजे उडायचंच तर असं उडा. जर्मनीत टारझन आणि जेन निवडायला टीव्हीवर स्पर्धासुद्धा झाली होती.

आता मंडळाचं. डिस्नेचं टारझन करायचं तर लायसन्स एमटीआय, म्हणजे म्युझिक थिएटर इंटरनॅशनलकडून घ्यावं लागतं, आणि भाषांतराची परवानगी वेगळी मागावी लागते. परवानगीशिवाय गाण्यांवर मराठी शब्द बसवू नका, तिकीट लावा नाहीतर फुकट दाखवा, फरक पडत नाही. टारझनचा लेखक एडगर राइस बरोझची मूळ कथा 1912 ची आहे, अमेरिकेत तिचा कॉपीराइट संपलाय, पण टारझन हे नाव ट्रेडमार्क आहे त्यामुळे पोस्टरवर टाकायच्या आधी कुणा वकिलाला विचारा. मी असतो तर माकडांनी वाढवलेल्या पोराची स्वतःची गोष्ट लिहून घेतली असती, नाव वेगळं, गाणी मंडळातल्याच कुणाकडून. मंडळात पेटी-तबलावाले असतातच आणि गणपतीनंतर ते रिकामेच असतात.

दोर अजिबात नकोत. शाळेचं किंवा कम्युनिटी हॉलचं छत त्यासाठी बांधलेलं नसतं आणि इन्शुरन्सवाला ऐकणारही नाही. वेल म्हणून हिरव्या ओढण्या घ्या, दोन पोरांनी दोन टोकं धरायची आणि तिसऱ्याने खालून पळायचं. आधी चालण्यावर मात्र वेळ घाला. गोरिला बोटांच्या पेरांवर भार टाकून चालतो, पोरं पहिल्या दिवशी हौसेने करतात आणि दुसऱ्या दिवशी मनगटं धरून बसतात. हातात छोट्या काठ्या द्या, म्हणजे वाकावं कमी लागतं, आणि गुडघ्याचे पॅड पहिल्या तालमीपासूनच.