सोलापूरच्या उन्हाळ्यात एअर प्लांट का वाळतं

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या नर्सरीतून आणलेल्या आयोनँथाला, म्हणजे मातीशिवाय वाढणाऱ्या या एअर प्लांटला, फेब्रुवारीत जांभळी फुलं आली, आणि आता एप्रिलमध्ये पानांची टोकं वाळून पानं आतल्या बाजूला वळायला लागलीत. मुंबईच्या बहिणीच्या सांगण्यावरून तुम्ही आठवड्यातून एकदा फवारा मारताय. फोटो नीट पाहिला. झाड मेलेलं नाही, तहानलेलं आहे.

'हे हवेवर जगतं' या वाक्याने जितकी एअर प्लांट मारलीत तितकी उन्हानेही मारली नसतील. टिलँडसिया आयोनँथा मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, अननसाच्या कुळातलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर वाढतं. ते बांडगूळ नाही. यजमान झाडाचा रस ते शोषत नाही. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी जशी फांदीचा फक्त आधार घेते, तसंच हे. मुळं धरून ठेवण्यापुरती. पाणी पितात ती पानं. पानांवर जी चंदेरी लव दिसते ते बारीक खवले आहेत, आणि तेच पाऊस, धुकं, दव टिपून आत घेतात.

म्हणजे त्याला हवा लागते ती ओलावा असलेली. मुंबईच्या दमट हवेत आठवड्याचा एक फवारा कदाचित पुरेल. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि दुपारचं वारं धुतलेली चादर तासाभरात वाळवतं. इथे फवारा पानाने प्यायच्या आतच उडून जातो. मुंबईत हे झाड कुजण्याची भीती, आपल्याकडे वाळण्याची. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

आज रात्री एक काम करा. पसरट भांड्यात पाणी घेऊन अख्खं झाड सहा-सात तास बुडवून ठेवा. एवढा वेळ फक्त या एकदाच, कारण ते फार सुकलंय. सकाळी बाहेर काढा, उलटं धरून हलकेच झटका आणि टॉवेलवर उलटंच ठेवा, म्हणजे पानांच्या बेचक्यातलं पाणी निथळेल. यापुढे पावसाळा लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर, अर्धा तास बुडवा. मध्ये एखाद्या दिवशी फवारा मारलात तर चांगलंच.

सकाळीच का, तर हे झाड दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, म्हणजे उन्हात पाणी वाया जात नाही. रात्री पानं ओली असतील तर त्याला हवा घेता येत नाही. म्हणून रोजच्या सवयीत त्याने सकाळी प्यावं आणि दुपारच्या आत कोरडं व्हावं.

आता पाण्याबद्दल, कारण माझी पहिली दोन रोपं मी इथेच गमावली. बोअरचं जड पाणी वर्षभर दिलं आणि पानांवर क्षारांचा थर बसून खवले बुजले. ओळखायची खूण सोपी आहे: पान ओलं केल्यावर चंदेरी रंग जाऊन हिरवं दिसलं तर ती त्याची स्वतःची लव; ओलं असूनही पांढरे डाग तसेच राहिले तर क्षार. सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस चांगला असतो, तेव्हा गच्चीवर झाकणाचा ड्रम भरून ठेवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात. तोवर आरओचं पिण्याचं पाणी वापरा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार जास्त असतात.

तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणीही नको. तांबं या कुळाला विषासारखं आहे. झाड लाकडाला बांधायला तांब्याची तार वापरू नका, नायलॉनचा दोरा घ्या. घरी डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग असेल तर बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, त्यात तांबं असतं) पंप या झाडासाठी कधीच वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी.

जागा पूर्वेच्या गॅलरीतली, सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली. पत्र्याखाली नको. घरात कूलर असेल तर त्याच खोलीत, खिडकीजवळ टांगा. त्या दमट हवेचा फायदा होतो. काचेच्या बंद गोळ्यात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा.

एक गोष्ट मनाची तयारी करून ऐका. आयोनँथाचा एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलल्यावर तो हळूहळू म्हातारा होतो, आणि तुमच्या झाडाची खालची काही पानं त्यामुळेही वाळत असतील. पण जायच्या आधी तो बुडाशी पिल्लं देतो. फोटोत डाव्या बाजूला मला एक हिरवा कोंब दिसतोय. तो आईच्या निम्म्या आकाराचा होईपर्यंत तोडू नका, तोवर आईच त्याला पोसते. मी तर तोडतच नाही. माझ्याकडे अशा पिल्लांचा सात वर्षांत नारळाएवढा झुबका झालाय.

बुडाजवळ बोटाने हलकेच दाबून बघा. टणक असेल तर काळजी नाही. मऊ, काळं लागलं आणि मधली पानं ओढताच हातात आली, तर ती कूज आहे आणि उपाय वेगळा. बुडवून काढल्यावर दोन दिवसांनी बुडाचा जवळून फोटो टाका, पिल्लं किती आहेत ते बघून सांगतो.