व्हीलुकअप भलताच दर का आणतो?

प्रश्न : माझ्याकडे एक्सेलच्या एका शीटमध्ये वस्तूंचे कोड आणि दर आहेत. दुसऱ्या शीटमध्ये कोड टाकला की व्हीलुकअप (VLOOKUP) या शोधणाऱ्या फंक्शनने दर आपोआप यावा, अशी सोय मी केली आहे. परंतु काही ओळींत भलत्याच वस्तूचा दर येतो, तर काही कोड यादीत स्पष्ट दिसत असूनही ‘एन/ए’ (#N/A, म्हणजे सापडले नाही) अशी त्रुटी येते. कोड तंतोतंत जुळला तरच दर यावा, यासाठी काय करावे?

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि त्यांपैकी पहिली अधिक घातक आहे, कारण चुकीचा दर हा दिसायला बरोबर दरासारखाच असतो.

व्हीलुकअपला काय शोधायचे, कोणत्या तक्त्यात शोधायचे आणि कितव्या कॉलममधील उत्तर आणायचे, हे आपण सांगतो. जुळणी तंतोतंत हवी की जवळपासची चालेल, हे सांगण्यासाठी चौथी जागा असते. ती लिहिलीच नाही, तर एक्सेल ‘ट्रू’ म्हणजे जवळपासची जुळणी गृहीत धरते. अशा वेळी यादीत १०१, १०२, १०४ असे कोड असतील आणि तुम्ही १०३ शोधलात, तर कोड नसल्याचे न कळता १०२ चा दर मुकाट्याने समोर येतो. शिवाय या पद्धतीत पहिला कॉलम चढत्या क्रमाने लावलेला आहे असे धरून शोध घेतला जात असल्यामुळे, क्रम विस्कटलेला असेल तर यादीत असलेल्या कोडलाही दुसऱ्याच ओळीचा दर लागू शकतो. गुणांवरून श्रेणी ठरवण्यासारख्या टप्प्यांच्या कामाला ही पद्धत योग्य आहे. कोड शोधण्यासाठी मुळीच नाही. म्हणून चौथ्या जागी ‘फॉल्स’ किंवा ० न चुकता लिहावे. व्हीलुकअपऐवजी इंडेक्ससोबत मॅच (INDEX, MATCH) ही फंक्शने वापरत असाल, तर त्याच्या तिसऱ्या जागी ० लिहावा लागतो. एक्सेल २०२१ किंवा ३६५ मधील एक्सलुकअप (XLOOKUP) हे शोधाचे नवे फंक्शन मात्र न सांगताही तंतोतंत जुळणीच शोधते, त्यामुळे ते उपलब्ध असेल तर तेच वापरावे, असे माझे मत आहे.

हा बदल केल्यावर ‘एन/ए’ वाढलेले दिसतील. त्याने घाबरून जाऊ नये; आजवर झाकलेल्या चुका आता उघड होत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

आता दुसरी अडचण. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन कोड एक्सेलच्या लेखी वेगळे असू शकतात. एका शीटमध्ये १०४ हा अंक असेल आणि दुसरीकडे तोच मजकूर म्हणून साठवला असेल, तर ते जुळत नाहीत. सेलमध्ये मजकूर आहे का हे सांगणारे इझटेक्स्ट (ISTEXT) दोन्ही सेलवर चालवून पाहावे. एकीकडे ट्रू आणि दुसरीकडे फॉल्स आले, तर कारण सापडले. मजकुराचा अंक करण्यासाठी व्हॅल्यू हे फंक्शन आहे. तेही कारण नसेल, तर लेन (LEN) वापरून अक्षरे मोजावीत. तीन आकडी कोडची लांबी चार आली, तर मागे किंवा पुढे मोकळी जागा चिकटलेली आहे. साधी जागा ट्रिम (TRIM) या फंक्शनने जाते. पण वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात बहुधा १६० क्रमांकाचे जागेचे चिन्ह असते आणि त्याला ट्रिम हात लावत नाही. तेथे सब्स्टिट्यूट (SUBSTITUTE) वापरून कॅर १६०, म्हणजे CHAR(160), च्या जागी रिकामा मजकूर घालावा.

कोडमध्ये तारांकन किंवा प्रश्नचिन्ह असेल, तर ‘फॉल्स’ लिहूनही व्हीलुकअप त्या चिन्हांचा अर्थ ‘कोणतेही अक्षर’ असा घेतो; त्यांच्या आधी टिल्ड (~) हे चिन्ह द्यावे. तसेच एकच कोड यादीत दोनदा असेल, तर उत्तर नेहमी वरच्या ओळीचे येते.

त्रुटीऐवजी वाचता येईल असा शब्द हवा असल्यास फॉर्म्युला इफएनए (IFNA) या फंक्शनमध्ये गुंडाळून ‘कोड सापडला नाही’ असे लिहावे. या कामी सर्वच त्रुटी झाकणारे इफएरर (IFERROR) टाळावे, कारण कॉलमचा क्रमांक चुकला किंवा फंक्शनचे नावच चुकीचे टाइप झाले, तरी ते हाच निरोप दाखवील आणि तुम्ही नसलेला कोड यादीत शोधत बसाल.