पेन्शनच्या पैशातून मँक्स नॉर्टन बांधावी का?

वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. मूळचे कोल्हापूरचे, वय ५७, २००४ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत, वाहनउद्योगात इंजिनिअर. पगार वर्षाला ६८,००० पौंड. कंपनीच्या पेन्शनमध्ये ३,२०,००० जमलेत, आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) १४,००० आहेत, घराचं कर्ज ६२,००० बाकी, आणि सगळा खर्च भागून महिन्याला ९०० उरतात. मुलगी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. त्यांना ५०० सीसीची मँक्स नॉर्टन, म्हणजे नॉर्टन या ब्रिटिश कंपनीची जुनी शर्यतीची मोटरसायकल, हल्ली नव्याने बनणारे भाग जमवून, घरच्या गॅरेजमध्ये बांधायची आहे आणि क्लासिक शर्यतींत पळवायची आहे. त्यांचा अंदाज ४३,००० पौंडांचा. त्यासाठी पेन्शनमधून ४५,००० करमुक्त काढावेत का, असं ते विचारतात. पत्राच्या तळाशी एक ओळ: "सौ.ला अजून काही बोललेलो नाही."

नमस्कार,

गाडी जरूर बांधा. पेन्शनला मात्र हात लावू नका. आणि इंजिनाची ऑर्डर इतक्यात देऊ नका.

आधी तुमची यादी बघू. इंजिन २४,०००. फ्रेम स्विंगआर्मसकट ४,०००. गिअरबॉक्स आणि क्लच ४,५००. फोर्क २,०००, चाकं-ब्रेक ४,५००, टाकी-सीट-फेअरिंग २,५००, कार्ब्युरेटर आणि इग्निशन १,५००. बेरीज बरोबर आहे, ४३,०००. पण तुम्ही जोडलेल्या कोटेशनांपैकी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कागदांवर तळाशी बारीक अक्षरात ‘अधिक व्हॅट’ आहे. २८,५०० वर २० टक्के म्हणजे ५,७०० झाले. तुम्ही ४८,७०० वर गेलात आणि गॅरेजमध्ये अजून एक नटही आलेला नाही.

नटांवरून आठवलं. तुमच्या यादीत मोठ्या वस्तू सगळ्या आहेत, छोटी एकही नाही. एक्झॉस्ट, चेन, स्प्रॉकेट, ऑइलच्या नळ्या, केबली, आरपीएम मीटर, इंजिन प्लेट, स्पिंडल, फूटरेस्ट, पावडर कोटिंग, डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) दिवस. शर्यतीआधी तपासणीला उभे राहाल तेव्हा ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून लॉकवायर बांधलेली लागते. ते भोक पाडायला जिग लागतो, आणि दोन ड्रिल बिट तुटतात तेही हिशेबातच. शिवाय वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले भाग एकमेकांत पहिल्या फटक्यात बसत नाहीत. चाक फ्रेमच्या मध्यरेषेत आणायचं, चेनची रेषा जुळवायची, तर कुठे दोन मिलिमीटर खरडावे लागतात, कुठे स्पेसर वळवून घ्यावा लागतो. या सगळ्याला मी ६,५०० धरतो, तेही हात सैल न सोडता. एकूण ५५,२००.

तुम्हीच पत्रात सांगता की अशीच एक तयार गाडी, दोन सीझन पळालेली, ३४,००० ला विकायला आहे. इंजिन उघडून नीट करायला ५,००० धरले तरी ३९,०००. म्हणजे स्वतः बांधण्याचे सुमारे १६,००० पौंड जास्त पडतात. हे नुकसान आहे असं मी म्हणत नाही. दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवण्यासाठी माणसं याहून जास्त पैसे याहून वाईट गोष्टींवर उडवतात. फक्त ते १६,००० हौसेच्या खात्यात टाका, गुंतवणुकीच्या नको.

कारण गुंतवणुकीचा मुद्दा तुम्ही दोनदा काढलाय: "मँक्सची किंमत कधी पडत नाही." कुठल्या मँक्सची? नॉर्टनने १९६२ पर्यंत बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवर बनवलेली, इंजिन-फ्रेमचे नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळणारी, कोणी कुठे पळवली याची कागदपत्रं असलेली गाडी ही एक वस्तू. आज नव्या भागांतून जुळवलेली ही दुसरी. दुसरी बहुतेक वेळा जास्त जोरात पळते, जास्त टिकते, आणि विकायला काढली की भागांच्या बेरजेएवढेही मिळत नाहीत. ती ३४,००० ची गाडी हाच पुरावा; तिच्या मालकानेही तुमच्यासारखीच यादी केली असणार. त्यात जिओफ ड्यूक या रायडरने १९५० साली नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेमवर आइल ऑफ मॅनची सिनियर टीटी शर्यत जिंकली, ते ज्यांनी लहानपणी ऐकलं ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. पुढच्या पंधरा वर्षांत घेणारे वाढतील की विकणारे, हे तुम्हीच ठरवा.

कराची बाजू त्या मानाने सोपी. गाडी हे यंत्र, त्यामुळे खासगी माणसाने एखादी विकली तर सहसा भांडवली नफ्यावर कर लागत नाही. एकामागून एक बांधून विकायला लागलात तर तो धंदा झाला, मग गणित वेगळं. पण इथे नफाच दिसत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आता पेन्शन. करमुक्त म्हणजे फुकट नव्हे. ४५,००० पौंड आत राहिले आणि महागाईच्या वर वर्षाला ४ टक्के वाढले असं धरलं, तर तुमच्या ६७ व्या वर्षी आजच्या भावाने ६६,६०० होतात. तुम्ही वरच्या ४० टक्क्यांच्या पट्ट्यात आहात, म्हणजे आज पेन्शनमध्ये १०० घालताना तुमच्या खिशातून ६०च जातात. इतक्या स्वस्तात आत टाकलेला पैसा दहा वर्षं आधी बाहेर काढायचा तर कारण तसंच भक्कम हवं.

याहून मोठी अडचण तुमच्या पत्रात कुठेच नाही. ४५,००० करमुक्त काढायचे तर तुम्हाला १,८०,००० चा निधी ‘उघडावा’ लागेल. पाव हिस्सा तुमच्या हातात, उरलेले १,३५,००० ड्रॉडाउनमध्ये, म्हणजे गुंतवलेलेच राहतात आणि लागतील तसे काढता येतात. नुसता करमुक्त पाव घेतलात तोवर ठीक. पण त्या १,३५,००० मधला एक पौंड जरी काढलात, की तुमची पेन्शनमध्ये भर घालण्याची वार्षिक मर्यादा ६०,००० वरून १०,००० वर येते, कायमची. तुम्ही ९ टक्के आणि कंपनी ९ टक्के भरता, म्हणजे वर्षाला १२,२४०. मर्यादेवरच्या रकमेवर दरवर्षी कर बसणार. आणि काही कंपन्यांच्या योजनांत नुसता करमुक्त पाव वेगळा काढताच येत नाही. प्रत्येक रकमेचा पाव भाग करमुक्त, पाऊण भाग करपात्र, आणि ही मर्यादा पहिल्याच दिवशी लागू. गाडीचं बजेट ४३,००० वरून ५५,००० वर जाणारच आहे. मग त्या १,३५,००० कडे हात जाणार नाही, याची खात्री मला तरी नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी ‘पेन्शन वाइज’ची सरकारी भेट फुकट मिळते. तुमच्या योजनेचे नेमके नियम घेऊन तिथे एकदा बसून या.

जाता जाता दुसरी गोष्ट. पूर्ण सरकारी पेन्शनला नॅशनल इन्शुरन्सची ३५ वर्षं लागतात. तुम्ही २००४ ला आलात. बासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचा विचार लिहिलाय, तेव्हा जेमतेम सत्तावीस भरतील. उरलेली काही वर्षं स्वतः पैसे भरून जोडता येतात, आणि मी पाहिलेल्या गुंतवणुकींत याच्याइतका चांगला परतावा क्वचित कुठे दिसतो. गाडीआधी ही तरतूद. घराच्या कर्जाचा ठरलेला व्याजदर पुढच्या वर्षी संपतोय, तेव्हा ९०० ची शिल्लक ७०० वर येऊ शकते, हेही धरून चला.

गाडी घेण्यापेक्षा ती पळवणं महाग पडतं. वर्षाला पाच शर्यती धरा. प्रवेश फी, लायसन्स, टायर, व्हॅनचं भाडं आणि डिझेल, कॅडवेल पार्क किंवा मॅलरी पार्कच्या ट्रॅकला दोन रात्री. आणि सगळ्यात मोठं म्हणजे इंजिन. मोठ्या सिंगल सिलिंडरचा जोडणीचा क्रँक, बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे, रोलर बेअरिंग, पाच-सात हजार आरपीएमला तासन्‌तास. ते बेअरिंग मोजक्या तासांनी बदलायचंच असतं. ‘अजून आवाज येत नाही’ म्हणून एक सीझन ढकललं, की कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि बिलात एक शून्य वाढतं. हे सगळं मिळून मी वर्षाला ७,००० ते ८,००० धरतो, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. तुमची जवळपास सगळी शिल्लक. म्हणून पेन्शनमधून गाडी आली तरी ती पळवायला पैसा उरत नाही, आणि दिवाणखान्यात ठेवायला मँक्स बांधायची असेल तर वहिनींशी बोलणं आणखीच अवघड.

विम्याचंही बघा. शर्यतीतली मोडतोड कोणी भरून देत नाही. चोरी आणि वाहतुकीची पॉलिसी मिळते, ती घ्या. आयुर्विमा आणि आजारपणात पगार देणारी पॉलिसी नव्याने घेताना शर्यतींबद्दल विचारतातच, लपवू नका. जुन्यांच्या अटी काढून वाचा. सत्तावनाव्या वर्षी कॉलरबोन सहा आठवड्यांत जुळेलच असं नाही.

चुलतभावाच्या शिरोलीच्या फाउंड्रीत क्रँककेस ओतून घेण्याची कल्पना वाचून हसू आलं, पण ती मी झटकून टाकणार नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा हात लोखंडावर बसलेला आहे. मँक्सचे केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. त्याची भट्टी वेगळी, आगीची काळजी वेगळी. ॲल्युमिनियममध्ये करायचं म्हटलं तरी एका नगासाठी पॅटर्नचा सगळा खर्च त्या एकाच नगावर बसतो, आणि बेअरिंगच्या जागी एक ब्लो होल निघालं की संपलं. वर इथे आणताना आयातीचा व्हॅट. आणि बाहेरच्या केसवर इंजिन बांधून हमी देणारा कारागीर शोधून दाखवा. इंजिन प्लेट, स्पेसर, स्पिंडल, फूटरेस्टचे ब्रॅकेट मात्र उद्यमनगरात ड्रॉइंग पाठवून जरूर करून घ्या. पुढच्या दिवाळीला जाल तेव्हा बॅगेत मावतील. तिथे हजारभर पौंड सहज वाचतात.

मग पैसा कुठून? शिल्लकेतून, आणि हळूहळू. आयसातले १४,००० पैकी ८,००० अडीअडचणीला ठेवा, ६,००० गाडीला. महिन्याला ६०० वेगळे काढलेत तर वर्षाला ७,२००. या वेगाने नवी मँक्स व्हायला जवळजवळ सात वर्षं लागतात, तेही पळवण्याचा खर्च न धरता, आणि मुलीचं शिक्षण संपून हात मोकळा झाला तरी पाचेक. हे खरं आहे, गोड करून सांगत नाही. म्हणून ज्या गाडीबद्दल तुम्ही विचारलंच नाही तिच्याबद्दल बोलतो.

तुम्ही कॉव्हेंट्रीत राहता. शेजारीच मेरिडनला ट्रायम्फचा कारखाना होता. तिथली ५०० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, १९६६ आणि १९६७ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेत डेटोनाची २०० मैलांची शर्यत जिंकली. त्या घराण्यातल्या रस्त्यावरच्या गाड्या भरपूर बनल्या, भाग मुबलक मिळतात, आणि इंजिन घरी उघडून नीट करता येतं. शर्यतीची अशी ट्विन बांधायला माझ्या अंदाजाने मँक्सच्या निम्म्याहून कमी, वीस-बावीस हजार. शिल्लकेतून सव्वादोन वर्षं. मँक्सच्या मागे पडाल, कबूल. पण एकोणसाठाव्या वर्षी ट्रॅकवर असाल, आणि पेन्शन शाबूत.

तरीही मन मँक्सवरच असेल, तर उलट्या क्रमाने घ्या: आधी फ्रेम, फोर्क, चाकं, इंजिन सगळ्यात शेवटी. ही इंजिनं मोजकी माणसं बनवतात, रांग लांब असते आणि आगाऊ रक्कम मागतात. वर्कशॉप बुडालं तर ती रक्कम गेली. तुमचं इंजिन व्हॅटसकट २८,८०० होतं, म्हणजे ३०,००० च्या आत. अशा खरेदीत थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने थेट त्या वर्कशॉपला दिली, तरी १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार पूर्ण किमतीसाठी बँकही जबाबदार राहते. शंभर पौंडांचा हप्ता कार्डावर घालायला लावाच. कार्ड घेत नसतील तर टप्प्याटप्प्याने पैसे, आणि पैसे दिलेला भाग तुमच्या मालकीचा हे लेखी.

पण त्याही आधी वहिनींना सांगा. घराचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, पेन्शन दोघांच्या म्हातारपणाची आहे. मग एखाद्या ट्रॅक डेला भाड्याची गाडी घेऊन, खाली वाकून हँडल धरून, वीस-वीस मिनिटांची चार सत्रं करा. पाठ आणि मनगटं दुसऱ्या दिवशी काय म्हणतात ते बघा. ठीक वाटलं तर ऑटो-सायकल युनियन या मोटरसायकल शर्यतींच्या संघटनेचा नवशिक्यांचा कोर्स करून लायसन्स काढा. इंजिनवाल्याला फोन त्यानंतर.